लहान मुलांच्या फ्लू लसीचे कोडिंग : पुण्यातील एका रविवारच्या क्लासविषयी

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांचे क्लेम ज्या पुणेकरांच्या हातून जातात, त्यांच्यापैकी मी एक आहे. खराडीतील एका कंपनीत मी सात वर्षे एआर कॉलर म्हणून रात्रपाळी केली. विमा कंपनीने क्लेम का नाकारला हे फोनवर विचारायचे, मिळालेले उत्तर नोंदवायचे आणि दुरुस्तीसाठी तो क्लेम कोडिंग विभागाकडे, म्हणजे डॉक्टरांच्या कामाला आणि निदानाला ठरलेले कोड लावणाऱ्यांकडे, सरकवायचा, असे ते काम. दुसऱ्यांनी लावलेल्या कोडची उत्तरे देत बसण्यापेक्षा कोड आपणच लावावेत आणि जमल्यास दिवसपाळीही पदरात पाडून घ्यावी, या हेतूने गेल्या जुलैत मी शनिवार पेठेतील एका क्लासच्या बालरोग कोडिंगच्या बॅचला नाव घातले. आठ रविवार, सकाळी दहा ते दुपारी दोन, फी १८,००० रुपये. क्लासचे नाव येथे लिहीत नाही, कारण पुढे ज्या उणिवा सांगणार आहे त्या त्या एकट्या क्लासच्या नाहीत, आणि तेथे शिकवणाऱ्या मॅडमांविषयी माझ्या मनात आदरच आहे.

आठपैकी दोन रविवार लसीकरणाला होते आणि त्यांतला दीड रविवार एकट्या फ्लूच्या लसीला. पहिल्या दिवशी वेळापत्रक वाचून वर्गात थोडी कुजबुज झाली, कारण फ्लूची लस म्हणजे या कामातला सर्वांत किरकोळ क्लेम असा बहुतेकांचा समज असतो. रक्कम लहान, निदानाचा कोड एकच, शस्त्रक्रिया नाही की भूल नाही. परंतु सप्टेंबर उजाडला की हेच किरकोळ क्लेम गठ्ठ्यागठ्ठ्यांनी येऊ लागतात. नवरात्र ते दिवाळी या दिवसांत सुट्टीचा अर्ज करणाऱ्याकडे टीम लीडर कोणत्या नजरेने पाहतो हे या व्यवसायातील प्रत्येकाला ठाऊक आहे. आणि एकाच चुकीची शेकडो क्लेमवर नक्कल होते तीही याच दिवसांत. ज्याने हे वेळापत्रक आखले त्याला कामाची जाण आहे, हे मला तेथेच पटले.

मॅडमांची शिकवण्याची रीत हा या क्लासचा सर्वांत मोठा गुण. त्यांनी फळ्यावर कोडची यादी लिहिली नाही. प्रत्येकाच्या हाती एका पानाचा चार्ट, म्हणजे रुग्णाच्या भेटीची दवाखान्यातली नोंद, दिला : तीन वर्षांची मुलगी, वार्षिक तपासणीसाठी आलेली, तपासणीत काही वावगे आढळले नाही, डॉक्टरांनी फ्लूच्या लसीविषयी आईशी बोलून तिच्या शंका दूर केल्या, त्यानंतर दंडात ०.५ मिलिलीटर लस टोचली, लसीत प्रिझर्व्हेटिव्ह नाही. हे चार्ट पूर्णपणे कल्पित होते. एका विद्यार्थ्याने सरावासाठी आपल्या ऑफिसातील खऱ्या चार्टचा फोटो आणण्याची तयारी दाखवली, तेव्हा मॅडमांनी त्याला सर्वांसमोर थांबवून रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेविषयीचा अमेरिकेचा १९९६ चा हिपा कायदा समजावून सांगितला. अर्धा तास त्यात गेला, पण तो वाया गेला असे मी म्हणणार नाही.

त्या एका पानावर आम्ही बावीस जणांनी नऊ निरनिराळी उत्तरे काढली. अपेक्षित उत्तर असे होते : तपासणीसाठी ९९३९२ आणि त्याला २५ हा मॉडिफायर (कोडामागे जोडायची खुलाशाची खूण), लस देण्याच्या कामासाठी ९०४६०, प्रत्यक्ष लसीसाठी ९०६५६, निदानाच्या बाजूला तपासणीसाठी झेड००.१२९ आणि लसीकरणासाठी झेड२३. लस आणि ती देण्याचे काम या दोन गोष्टींचे पैसे वेगवेगळे मिळतात, म्हणून त्यांचे कोडही वेगळे, ही पहिली पायरीच आमच्यापैकी सहा जणांची चुकली होती. आपल्याकडे दवाखान्यात लसीचा एकच आकडा सांगितला जातो, त्यामुळे ही चूक अगदी स्वाभाविक म्हणावी लागेल.

दुसरी चूक अधिक रंजक होती, आणि तिच्यावर मॅडमांनी जवळपास तासभर खर्च केला. ९०४६० हा कोड लसीच्या पहिल्या घटकासाठी असतो आणि पुढच्या प्रत्येक घटकासाठी ९०४६१ जोडावा लागतो. फ्लूची लस विषाणूच्या तीन प्रकारांवर काम करते, म्हणून बी. फार्म. झालेल्या एका हुशार मुलीने ९०४६० एकदा आणि ९०४६१ दोनदा लावले. औषधशास्त्राच्या दृष्टीने तिचा तर्क बरोबर होता, कोडिंगच्या दृष्टीने मात्र चूक. एकाच जंतूविरुद्ध लसीत कितीही उपप्रकार असले तरी सीपीटीच्या, म्हणजे उपचार आणि सेवांच्या कोडांच्या अमेरिकी यादीच्या, नियमाप्रमाणे तो एकच घटक धरला जातो. उलट घटसर्प, धनुर्वात आणि डांग्या खोकला या तिघांवरची एकत्र लस घेतली तर जंतू तीन, म्हणून घटकही तीन, आणि तेथे ९०४६१ दोनदा लावणे योग्य ठरते. एकाच भेटीत या दोन्ही लसी दिल्या तर ९०४६० दोनदा आणि ९०४६१ दोनदा, हे उत्तर वर्गाकडून काढून घेतल्याशिवाय मॅडमांनी चहाची सुट्टी दिली नाही. मी सात वर्षे या कोडवरचे डिनायल, म्हणजे विमा कंपनीचे नकार, हाताळले होते. पण फ्लूला ९०४६१ का लागत नाही याचे कारण मला त्या दिवशी प्रथम कळले, हे कबूल करायला हरकत नाही.

त्यानंतर मॅडमांनी तोच चार्ट एका वाक्याच्या फरकाने पुन्हा वाटला. डॉक्टरांचे आईशी झालेले बोलणे त्यातून काढून टाकले होते आणि लस नर्सने दिली होती. आता ९०४६० लावता येत नाही, कारण त्या कोडात डॉक्टरने किंवा तशी अर्हता असलेल्या व्यावसायिकाने केलेले समुपदेशन गृहीत आहे आणि मुलाचे वय १८ वर्षांपर्यंतच चालते, म्हणजे एकोणिसावा वाढदिवस येईपर्यंत. समुपदेशनाची नोंद नसेल तर ९०४७१ वर यावे लागते. डॉक्टर बोलले असतीलच, लिहायचे राहिले असेल, असा सौम्य युक्तिवाद मागच्या बाकावरून झाला. त्यावर मॅडमांनी एवढेच विचारले की, तुम्ही त्या खोलीत होता का. चार्टात जे लिहिलेले नाही ते झालेच नाही असे धरून चालावे लागते, आणि शंका असेल तर आधी डॉक्टरांना लेखी विचारणा करावी लागते. फ्लूच्या दिवसांत अनेक दवाखाने शनिवारी केवळ लसीसाठी मुलांना बोलावतात, रांग लावतात आणि नर्सकडून लस देतात; त्या दिवशीच्या सगळ्या क्लेमवर सवयीने ९०४६० पडला की पुढे ऑडिटमध्ये सगळेच अडकते. अशा नुसत्या लसीच्या भेटीला काही जण ९९२११ हा नर्सच्या भेटीचा कोडही चिकटवतात. तो लागू होत नाही हे मॅडमांनी सांगितले, पण घाईत, जाता जाता. माझ्या अनुभवात या एका कोडाने जितका वेळ खाल्ला आहे, तितका क्वचितच दुसऱ्या कशाने खाल्ला असेल.

मॉडिफायर २५ चे विवेचनही नेमके होते. त्याच दिवशी झालेली तपासणी ही लस देण्याहून वेगळी आणि स्वतंत्रपणे दखल घेण्याजोगी होती, असे तो मॉडिफायर विमा कंपनीला सांगतो. तो राहिला की डिनायल ९७ येतो; या सेवेचे पैसे दुसऱ्या सेवेत धरले आहेत असा त्याचा अर्थ. कारण न पाहता सगळीकडेच २५ लावण्याची खोड मात्र त्याहून वाईट. आईने मुलाला नुसती लस द्यायला आणले आणि कोडरने तपासणीची भेट दाखवली, तर अमेरिकेच्या २०१० च्या आरोग्य कायद्यानुसार जी लस बहुतेक विमा योजनांत नेटवर्कमधील डॉक्टरकडे विनाशुल्क मिळायला हवी, तिच्यापायी त्या आईच्या घरी को-पेचे, म्हणजे रुग्णाने स्वतः भरायच्या वाट्याचे, बिल जाऊन पडते. ती बाई मग दवाखान्याला फोन करते, दवाखाना आमच्या कंपनीला ईमेल करतो आणि रात्री तीन वाजता ते प्रकरण माझ्यासारखीच्या टेबलावर येते.

दुसऱ्या डोसचा भाग मला अपुरा वाटला. ६ महिने ते ८ वर्षे या वयाच्या मुलाला पूर्वी पुरेसे डोस मिळालेले नसतील, तर एकाच हंगामात किमान चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस द्यावेत, अशी तेथील शिफारस आहे. मॅडमांनी ती सांगितली. तिच्यातून निर्माण होणारी अडचण सांगितली नाही. काही विमा कंपन्यांच्या संगणकात वर्षाला एकच फ्लू लस बसवलेली असते, त्यामुळे दुसरा डोस कधी ११९ या कारणाने, म्हणजे ठरलेली मर्यादा संपली म्हणून, तर कधी १८ या कारणाने, म्हणजे हा आधीच्याच क्लेमची नक्कल आहे असे म्हणून, परत येतो. झेड२३ या निदानाच्या कोडातून काहीच कळत नाही, कारण तो सगळ्या लसींना सारखाच आहे. १ ऑक्टोबर २०१५ पूर्वीच्या आयसीडी-९ या निदानाच्या कोडांच्या यादीत फ्लूच्या लसीसाठी व्ही०४.८१ असा स्वतंत्र कोड होता; आयसीडी-१० ने सगळ्या लसी एका कोडात कोंबल्या, तेव्हापासून कोणती लस हे सांगण्याचा सारा भार लसीच्या कोडावर आला. डोस पहिला की दुसरा, हे तर तोही सांगत नाही. अशा वेळी मुलाची जन्मतारीख, पहिल्या डोसची तारीख आणि चार्टची प्रत जोडून अपील करावे लागते. या अपिलाचा एखादा नमुना नोट्समध्ये असायला हवा होता.

नाकात फवारण्याच्या लसीचा भाग छोटा असूनही चांगला रंगला. त्या लसीचा कोड ९०६६० आणि ती देण्याच्या कामाचा ९०४७३. मात्र त्याच भेटीत समुपदेशनाविना एखादे इंजेक्शनही दिले असेल तर इंजेक्शनला ९०४७१ आणि फवाऱ्याला ९०४७४, कारण ९०४७१ आणि ९०४७३ हे दोन्ही भेटीतल्या पहिल्या लसीचे कोड आहेत आणि दोन्ही कामे ‘पहिली’ असू शकत नाहीत. डॉक्टरांनी समुपदेशन केले असेल तर मार्ग कोणताही असो, पुन्हा ९०४६०च. नाकातून फ्लूची लस देतात यावरच एक-दोघांचा विश्वास बसेना, तेव्हा मॅडमांनी हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये स्वाइन फ्लूवर आणलेल्या नाकातल्या लसीची आठवण करून दिली. २००९ च्या ऑगस्टमध्ये मी शाळेत होते. त्या महिन्यात पुण्यातल्या शाळा बंद झाल्या होत्या आणि मेडिकलच्या दुकानांत मास्क मिळेनासे झाले होते. वर्गातल्या बऱ्याच जणांना ते आठवत होते.

आता नोट्सविषयी, आणि येथे माझी खरी तक्रार आहे. छापील नोट्स जुन्या होत्या, आणि थोड्याथोडक्या जुन्या नव्हेत. ९०६५५ आणि ९०६५७ या कोडांसमोर ‘६ ते ३५ महिने’ आणि ९०६५६ व ९०६५८ समोर ‘३ वर्षे व त्यापुढे’ असे छापले होते. हे वयाचे निकष १ जानेवारी २०१७ पासून काढून टाकले असून त्यांच्या जागी मात्रा आली आहे : पहिल्या दोन कोडांना ०.२५ मिलिलीटर आणि नंतरच्या दोघांना ०.५ मिलिलीटर. फरक कागदी वाटेल, पण तसा तो नाही. दीड वर्षाच्या बाळाला ०.५ मिलिलीटरची लस दिली असेल तर नोट्सप्रमाणे जाणारा विद्यार्थी वय पाहून ०.२५ चा कोड लावील, प्रत्यक्ष दिलेली लस वेगळी असेल, आणि क्लेमवरचा लसीचा एनडीसी क्रमांक (औषधाच्या खोक्यावर छापलेला ओळख क्रमांक) त्या कोडाशी जुळणार नाही.

नोट्समधील सराव-चार्टांत सर्वत्र चार प्रकारांवरच्या लसीचे ९०६८६ आणि ९०६८८ हे कोड होते, ही दुसरी त्रुटी. फ्लूच्या विषाणूंपैकी बी-यामागाटा हा वंश मार्च २०२० नंतर जगात खात्रीशीरपणे आढळलेला नाही, म्हणून २०२४-२५ च्या हंगामापासून अमेरिकेत फ्लूच्या सर्व लसी पुन्हा तीन प्रकारांवरच्या झाल्या आणि त्यांच्याबरोबर जुने ट्रायव्हॅलंट कोड परत वापरात आले. मॅडमांना हे माहीत होते, त्यांचा स्वतःचा चार्ट त्याप्रमाणेच होता, आणि वर्गात त्यांनी तोंडी दुरुस्त्याही सांगितल्या. पण अठरा हजार रुपये घेणाऱ्या संस्थेने पेनने खाडाखोड करायला लावावी, हे शोभत नाही. आयसीडीचे नवे पुस्तक १ ऑक्टोबरला लागू होते आणि सीपीटीचे १ जानेवारीला. फ्लूचा हंगाम नेमका या दोन्ही तारखा ओलांडून जातो, आणि कोड ठरतो तो लस दिल्याच्या तारखेवरून, क्लेम पाठवल्याच्या तारखेवरून नव्हे. ज्या विषयाचे स्वरूप असे आहे, त्याच्या नोट्स दरवर्षी नव्याने छापल्याच पाहिजेत.

तिसरी त्रुटी सर्वांत गंभीर. व्हॅक्सिन्स फॉर चिल्ड्रन या अमेरिकी सरकारी योजनेला नोट्समध्ये चार ओळी होत्या आणि वर्गात दहा मिनिटे. १९८९ ते १९९१ या काळात तेथे गोवराची मोठी साथ आली, त्यानंतर १९९३ मध्ये कायद्याने ही योजना स्थापन झाली आणि १९९४ पासून ती चालू आहे. मेडिकेड या कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी विम्याला पात्र, विमा नसलेली, अपुरा विमा असलेली किंवा मूळ अमेरिकी जमातींतील १८ वर्षांपर्यंतची मुले तिच्यात येतात, आणि ती संख्या तेथील मुलांच्या जवळपास निम्मी आहे. म्हणजे बालरोग कोडरच्या हातात येणाऱ्या चार्टांचा केवढा तरी मोठा भाग या दहा मिनिटांत उरकला. या योजनेत लस सरकारकडून फुकट येते, म्हणून दवाखान्याला लसीचे पैसे मागता येत नाहीत. फक्त ती देण्याच्या कामाचे शुल्क मागता येते, आणि त्यालाही राज्यागणिक कमाल मर्यादा आहे. व्यवहारात काही राज्यांत लसीच्या कोडाला, लस सरकारी आहे हे सांगणारा एसएल मॉडिफायर लावून रक्कम शून्य दाखवतात, तर काही ठिकाणी काम केल्याचे शुल्कही लसीच्या कोडावरच मागतात. ज्याला ही विविधता माहीत नाही तो फुकट आलेल्या लसीचे बिल लावून बसेल, आणि ती चूक साध्या डिनायलवर मिटत नाही. सरकारी पैशांच्या गैरवापराची चौकशी लागू शकते. येथे पूर्ण एक रविवार द्यायला हवा होता.

एनडीसी क्रमांकाचा तास मात्र उत्तम झाला. खोक्यावर छापलेला दहा अंकी क्रमांक क्लेमवर अकरा अंकी करून लिहावा लागतो, पाच-चार-दोन अशा मांडणीत, आणि जो गट अपुरा असेल त्याच्या आधी शून्य घालावे लागते. सरसकट शेवटी शून्य जोडले की क्रमांक चुकतो. मॅडमांनी पडद्यावर खोक्यांची छायाचित्रे दाखवून प्रत्येकाकडून दहा-दहा क्रमांक बदलून घेतले. खोक्यावरचा क्रमांक आणि आतल्या सिरिंजवरचा क्रमांक बहुधा निराळे असतात, हे दाखवल्यावर माझ्या जुन्या कामातले कितीतरी न उलगडलेले डिनायल मला एकदम समजले.

त्याच आठवड्यात मी भाचीला फ्लूची लस द्यायला कोथरूडमधील तिच्या डॉक्टरांकडे गेले होते. आपल्याकडे ही लस सरकारी सार्वत्रिक लसीकरणात नाही. इंडियन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सच्या शिफारशीनुसार खासगी दवाखान्यांत सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत ती दरवर्षी देतात. बिल हाताने लिहिलेले, दोन ओळींचे : तपासणी आणि लस. ओपीडीचा खर्च वहिनीच्या मेडिक्लेममध्ये बसत नसल्याने ते कोणाला पाठवायचेही नव्हते. मात्र डॉक्टरांनी सिरिंजवरचे स्टिकर काढून लसीकरणाच्या पुस्तिकेत चिकटवले. त्यावर बॅच नंबर, मुदत संपण्याची तारीख, सगळे होते. एवढी स्वच्छ नोंद अमेरिकेच्या प्रत्येक चार्टात मिळाली असती तर माझ्या निम्म्या रात्रपाळ्या वाचल्या असत्या, असे मी डॉक्टरांना म्हणाले. त्यांना विनोद कळला नसावा.

बाकीच्या बाबी थोडक्यात. खोली दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, पंखे आवाज करतात, दुचाकी लावायला जागा शोधण्यात पंधरा मिनिटे जातात. मेट्रोने येणे शहाणपणाचे. फलकावरील ‘१०० टक्के प्लेसमेंट’ या शब्दांवर विसंबू नये. आमच्या बॅचमधील फ्रेशर्सना मुलाखतींचे निरोप आले, पण नोकरी ज्याने-त्याने आपली आपण मिळवली. सीपीसी या कोडरच्या प्रमाणपत्र परीक्षेची तयारी समाधानकारक होती : १०० प्रश्न, चार तास, कोडची पुस्तके जवळ ठेवण्याची मुभा आणि उत्तीर्ण होण्यासाठी ७० टक्के. चार सराव परीक्षा वेळ लावून घेतल्या. मी पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले, त्याचे अर्धे श्रेय मॅडमांच्या चार्टांना आहे.

पाचपैकी साडेतीन तारे देते. शिकवण्याला साडेचार आणि नोट्सला दीड असे वेगवेगळे देता आले असते तर तसे दिले असते. बिलिंगचा थोडाफार अनुभव असलेल्यांना हा क्लास लाभेल. अगदी नवख्यांनी मात्र फी भरण्यापूर्वी लसीकरणाच्या नोट्सचे पान मागून घ्यावे आणि ९०६५५ या कोडासमोर महिने छापले आहेत की मिलिलीटर, हे पाहावे. अजूनही महिनेच असतील तर नव्या छपाईची बॅच कधी सुरू होणार, हे काउंटरवर विचारून घरी परतावे.